सड्यावरचं हेलिकॉप्टर: देवगडचे पाच दिवस

पहिला दिवस

फोन रात्री साडेनऊला आला. आमचं हेलिकॉप्टर देवगड तालुक्यातल्या एका सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, उतरलं होतं. पडलं नव्हतं, उतरलं होतं. वैमानिक आणि सोबतचा तंत्रज्ञ दोघेही सुखरूप होते, हे पहिल्याच वाक्यात कळलं आणि माझे पाय जमिनीला लागले. दक्षिणेकडच्या घाटात बारा दिवस वणवा विझवून ते किनाऱ्याकिनाऱ्याने मुंबईला परतत होतं, आणि वाटेत मुख्य गिअरबॉक्सचा चिप लाइट लागला.

हा दिवा काय असतो ते सांगायला हवं. गिअरबॉक्समधल्या तेलात चुंबक असलेलं एक बूच असतं. आतल्या गिअरचा किंवा बेअरिंगचा लोखंडी कण सुटला की तो तेलाबरोबर फिरत येऊन त्या चुंबकाला चिकटतो, सर्किट जुळतं आणि वैमानिकासमोर पिवळा दिवा लागतो. कण पिठासारखा बारीक आहे की पापुद्र्यासारखा मोठा, हे दिवा सांगत नाही. म्हणून दिवा लागला की शंका घेत बसायचं नाही, मिळेल त्या पहिल्या चांगल्या जागी उतरायचं. आमच्या वैमानिकाने खाली पाहिलं तर एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला आंब्याची कलमं, आणि मध्ये हा लांबरुंद सडा. तो तिथे उतरला. त्याचा निर्णय शंभर टक्के बरोबर होता.

रात्री बाराला आम्ही देखभालीचे तिघं जीप घेऊन मुंबईहून निघालो. हातखंब्याला पहाटेचा चहा झाला. नांदगाव तिठ्यावरून देवगडच्या रस्त्याला लागलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. आंब्याच्या पेट्यांनी भरलेले टेम्पो समोरून येत होते. ऐन काढणीचे दिवस. गावाचं नाव मी लिहीत नाही. सड्यावर आम्हाला जे दिसलं त्याची नीट राखण अजून व्हायची आहे.

वाडीतून सड्यावर जायला पाखाडी आहे आणि एक बैलगाडीची जुनी वाट. जीप अर्ध्यावर सोडली. वर आलो आणि कातळ एकदम उघडा पडला: काळपट तांबडा, मैलभर सपाट, मधे मधे पिवळं गवत, दगडी गडगे, करवंदाच्या जाळ्या. त्या सगळ्यात आमचं हेलिकॉप्टर. विमानतळावर ते इतर विमानांपुढे लहान वाटतं, इथे मंदिराच्या कळसासारखं लांबून दिसत होतं. नाकापासून शेपटीपर्यंत अकरा मीटर, तीन पाती, रिकामं असताना वजन साडेबाराशे किलोच्या आसपास. मागच्या सीटवर नारिंगी रंगाची कापडी बालदी घडी घालून ठेवलेली.

ही बालदीच आमचं खरं हत्यार. हेलिकॉप्टरच्या पोटाखाली हूकला दोराने टांगतात. तळ्यात बुडवून भरायची, आगीच्या ओळीवर न्यायची, बटण दाबलं की तळाची झडप उघडते. आमची भरली की सातआठशे किलो होते. हवाई दलाच्या एमआय-17 हेलिकॉप्टरची याहून कितीतरी मोठी असते. एप्रिल 2024 मध्ये नैनीतालच्या जंगलात आग लागली तेव्हा त्यांनी भीमतालमधून पाणी उचललं होतं, त्याआधी मार्च 2022 मध्ये राजस्थानात सरिस्कामध्येही तेच तंत्र वापरलं होतं.

वैमानिक रात्रभर तिथेच बसून होता. गावच्या पोलीस पाटलांनी त्याला चटई, पाणी आणि कुळथाची पिठी-भात पाठवला होता. पोरं लांब उभी होती, कारण पाटलांनी गडग्याच्या आत यायचं नाही असं बजावलं होतं.

त्या दिवशी आम्ही फक्त बघितलं. असं उतरलेलं विमान लेखी परवानगीशिवाय हलवायचं नसतं, उघडायचं तर नसतंच. गावकऱ्यांना हे विचित्र वाटलं. पण मी उद्या एक नट सैल केला आणि परवा तपासणीला आलेल्याला तो सैल दिसला, तर तो आकाशात सैल झाला की माझ्या हातून, हे कोण सांगणार? पत्र येईपर्यंत हात बांधलेले. टाकीत दोनशे साठ लिटर इंधन होतं, तेही तसंच ठेवावं लागलं.

आम्ही सड्याच्या कडेच्या बागेतल्या मांगरात पथाऱ्या टाकल्या. रात्री साडेदहाला धुराचा वास आला.

दिवसा इथे समुद्रावरून खारे वारे येतात, रात्री उलटा, जमिनीवरून समुद्राकडे मतलई वाहतो. पूर्वेच्या घळीत कुठेतरी लागलेला वणवा त्या मतलईवर बसून वर सड्यावर आला. गवत गुडघ्याएवढंच, पण पापडासारखं वाळलेलं. आगीची ओळ उंच नसते, ती कुरकुरत पुढे सरकते आणि मध्येच एखाद्या करवंदीच्या जाळीत भडकते. आमच्यापासून तीनेकशे मीटरवर ती दिसली तेव्हा माझ्या डोक्यात फक्त ते दोनशे साठ लिटर होते. बारा दिवस ज्या यंत्राने आगीवर पाणी ओतलं, ते आता पाय रुतल्यासारखं जागच्या जागी उभं होतं आणि आमच्याकडे दोन छोटी अग्निशामक नळकांडी होती.

मी कुणाला हाक मारायच्या आधीच तीन वाड्यांमधून माणसं वर येत होती. बॅटऱ्या, कोयत्या, काजूच्या आणि किंजळीच्या ओल्या डहाळ्या. पुढे एक सत्तरीचे गृहस्थ, सगळे त्यांना आबा म्हणत होते. त्यांनी आगीकडे पाहिलं, चेहऱ्याने वारा घेतला आणि माणसं वाटून दिली. दहा-बारा जणांनी हेलिकॉप्टरभोवती पंधरा-वीस पावलांच्या पट्ट्यातलं गवत कापून, खरवडून उघडा कातळ काढला. बाकीच्यांनी त्याच्या पुढे पूर्वेकडे जाळरेषा धरली: स्वतःच थोडं थोडं गवत पेटवायचं, लगेच डहाळ्यांनी झोडपायचं, म्हणजे मोठी आग येईपर्यंत तिला खायला काही उरत नाही. डहाळी आपटायची नसते, दाबून ओढायची असते. आपटली की ठिणग्या उडतात. मला हे एका बाईंनी हात धरून दाखवलं.

"बाय, तू हय उभी रवू नको, धूर येतलो," आबा मला म्हणाले. मी नाही हलले. मग त्यांनीच एक डहाळी माझ्या हातात दिली.

आणि मग ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत पाण्याची दोन पिंपं आणि कलमांवर औषध मारायचा फवारणी पंप. मोहोरावर तुडतुडे मारायला जो पंप वापरतात, त्याचीच लांब नळी धरून एका तरुणाने आमच्या यंत्राभोवतीची कडा ओली करत नेली. पहाटे दीडला आग दोन्ही बाजूंनी फाटली आणि पश्चिमेला कड्यापाशी विझली. हेलिकॉप्टरपासून चाळीस पावलांवर.

दुसरा दिवस

उजाडल्यावर सडा काळा झाला होता. आबा लवकर आले आणि मला बोलावून घेऊन गेले. गवत जळून गेलेल्या कातळावर रेषा उमटल्या होत्या. बोटभर रुंद, दोन बोटं खोल, आत माती आणि राख भरलेली. मी उभ्या उभ्या पाहिलं तर काही कळेना. आबांनी खराट्याने राख झाडली आणि हाताने रेषेवरून फिरून दाखवलं: हे पाय, हे पोट, ही शेपटी. कुठलातरी मोठा प्राणी, माझ्या उंचीच्या दुपटीने लांब. बाजूला माशासारखं काही.

कोकणातल्या या कातळशिल्पांबद्दल मी वाचलं होतं. 2022 मध्ये त्यातली नऊ ठिकाणं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, त्यातलं कुडोपी इथून जवळच, मालवण तालुक्यात. राजापूरच्या देवाचे गोठणे इथल्या शिल्पावर होकायंत्र ठेवलं तर सुई भरकटते. हे ऐकल्यापासून तिथे जायचं माझ्या मनात आहे, कारण विमानातलं होकायंत्र जुळवणं हे माझ्या कामातलंच काम. पण एक शिल्प असं पायाखाली निघेल हे मनात नव्हतं. आबांना ते लहानपणापासून माहीत होतं. "पांडवांनी काडलेली," एवढंच म्हणाले. माझ्या मनात लगेच क्रेन आली. तिचं एक चाक या रेषेवरून गेलं तर इतक्या पिढ्यांनी टिकवलेलं एका क्षणात चुरा. आम्ही चारही बाजूंना दगड मांडून दोरी बांधली आणि पाटलांनी तहसील कार्यालयाला कळवलं.

परवानगीचं पत्र दुपारी आलं. आधी इंधन काढलं, हातपंपाने, पिंपात. मग बूच.

बूच मी स्वतः काढलं आणि पांढऱ्या सुती कापडावर पुसलं. नुसती काळी पूड असती तर तेल बदलून, जमिनीवर चालवून, पुन्हा तपासून कदाचित उडता आलं असतं. कापडावर तीन चकत्या आल्या. नखाच्या टोकाएवढ्या, एक बाजू खरबरीत, दुसरी आरशासारखी चकचकीत. बेअरिंगच्या धावेचा पापुद्रा. वैमानिकाने त्या पाहिल्या आणि काही न बोलता खाली बसला. तो आणखी किती वेळ उडू शकला असता हे मला माहीत नाही, आणि ते कळायची वेळ आली नाही याचं समाधान मोठं आहे. चकत्या बाटलीत घालून वर तारीख-वेळ लिहिली. यंत्र आता रस्त्यानेच जाणार हे ठरलं.

संध्याकाळपर्यंत पाती उतरवली. प्रत्येक पातं दोन पिनांवर असतं. पिना सुटल्या की पस्तीसेक किलोचं, पाच मीटर लांबीचं ते पातं खांद्यांवर येतं आणि वारा त्याला पंखासारखाच उचलू पाहतो. दुपारी तीनला खारा वारा इतका चढला की पहिल्या पात्यानंतर थांबावं लागलं. साडेसहाला वारा पडल्यावर उरलेली दोन घेतली. तीन पात्यांना तीन रंगांच्या पट्ट्या, कारण ज्याचं त्याच जागी परत बसवायचं. मुंबईहून आणलेला फोम कमी पडला. तेव्हा बागवाल्या तात्यांनी आंब्याच्या पेट्यांत घालायचा भाताचा पेंढा आणून दिला. पाती आधी सुती चादरीत, मग फोममध्ये, आणि खाली वितभर पेंढा. हापूसला जो बिछाना, तोच.

रात्री मांगरात भाकरी, सुकट आणि सोलकढी. कुणीतरी विचारलं, अशी अडकलेली विमानं परत उडतात का? मी त्यांना कॅनडातल्या कॅन्सोची गोष्ट सांगितली. पाण्यावर उतरणारं ते जुनं विमान आग विझवायला पाणी भरून घेत होतं. 2001 मध्ये उत्तर टोकाला, इनुविकजवळच्या सिटिड्गी तळ्यात पाणी भरतानाच ते बुडालं. माणसं वाचली. विमान पाण्यातून काढून काठावर ठेवलं आणि तिथेच पडून राहिलं. अल्बर्टा प्रांतातल्या फेअरव्ह्यू गावच्या काही शेतकऱ्यांनी ते 2008 मध्ये घरी आणलं, वर्षानुवर्षं खपून दुरुस्त केलं आणि 2017 मध्ये ते परत उडालं.

"शेतकऱ्यांनी?" तात्यांनी दोनदा विचारलं. शेतकऱ्यांनीच, म्हटलं.

तिसरा दिवस

सकाळी चौदा टनी हायड्रा आली. खेड्यापाड्यात सगळे तिला हायड्राच म्हणतात: भार उचलून चालत नेणारी क्रेन. अडचण पुढे होती. चाळीस फुटी ट्रेलर बैलगाडीच्या वाटेने वर येणं शक्य नव्हतं. मी शेपटीचा भाग बोल्ट काढून वेगळा करायच्या विचारात होते, म्हणजे लहान गाडीत बसलं असतं. पण उघड्यावर, वाऱ्यात, राखेत ते काम म्हणजे आणखी तीन दिवस आणि प्रत्येक जोडात राख. मला ते नकोच होतं.

रस्ता आबांनी सुचवला. सड्याच्या उत्तरेला चिरेखाण आहे. जांभ्याचे चिरे भरलेले ट्रक तिथून रोज खाली उतरतात, म्हणजे वळणं रुंद आणि माती दाबलेली. ट्रेलर खाणीपर्यंत येईल. हेलिकॉप्टरपासून खाणीपर्यंत साडेचारशे मीटर हायड्राने न्यायचं.

साडेचारशे मीटर सरळ रेषेत. आबांनी दाखवलेली वाट वळसा घेऊन जवळजवळ दुप्पट, शिल्पाच्या दोरीपासून लांबून. त्यांच्या हातात पहार होती. आयुष्यभर त्यांनी विहिरी खणल्या आणि चिरे काढले. दर चार पावलांवर ते पहार उभी धरून सोडत आणि कान देत. घट्ट कातळावर ठणका येतो. एका ठिकाणी आवाज खोल गेला, रिकाम्या हंड्यावर वाजल्यासारखा.

"वाजता बग. हय पोकळ आसा. गाडी भायरसून घेऊया."

जांभा वरून कडक असतो, खाली पावसाचं पाणी मऊ माती वाहून नेतं आणि आत पोकळ्या राहतात, हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण साडेदहा वाजले होते, वारा चढायच्या आत एक फेरी करायची होती, आणि मला सरळ रेषा दिसत होती. मी हायड्रावाल्याला सरळ घ्यायला सांगितलं. आबा वाद घालत बसले नाहीत. एवढंच म्हणाले, "मगे आधी रिकामी ने. बोजो मागसून."

त्या एका वाक्याने हेलिकॉप्टर वाचलं. रिकामी हायड्रा दीडशे मीटर गेली आणि पुढचं डावं चाक कातळाच्या पापुद्र्यातून खाली गेलं. मोठा आवाज नाही, फक्त एक मंद कडाका, आणि दहा टनांहून जड गाडी एका बाजूला कलली. चालक उडी मारून उतरला. त्याला काही झालं नाही. चाकाखाली कमरेएवढा खोल खड्डा, आत ओलसर लाल माती आणि मुळं. हूकला हेलिकॉप्टर टांगलेलं असतं तर ते त्याच कलाने जमिनीवर आपटलं असतं.

दुपारभर आम्ही चाक वर काढत होतो. खाणीतून ट्रॅक्टरने चिरे आले, जॅकने चाक वितभर उचलायचं, खाली चिरा सरकवायचा, परत वितभर. कातळ इतका तापलेला की खाली ठेवलेला पाना उचलताना हात भाजत होता. काढणी सोडून चौदा माणसं त्या उन्हात माझ्या चुकीपायी राबली. संध्याकाळी मी आबांची माफी मागितली. ते म्हणाले, जमीन सगळ्यांनाच एकदा सांगते. नंतर त्यांनी वळशाची सगळी वाट पुन्हा पहारीने वाजवली आणि मी त्यांच्यामागे चुन्याची रेघ ओढत गेले. अंधार पडेपर्यंत.

चौथा दिवस

पहाटे साडेपाच. मतलई पडलेला, खारा वारा अजून उठायचा: हाच तासदीड तास स्तब्ध असतो. रोटरच्या माथ्याला उचलायची कडी बसवली, पट्टा हूकला लावला, नाकाला एक आणि शेपटीला दोन दोर. शेपटीचे दोर मी वाडीतल्या दोन खलाशांच्या हातात दिले. ताण किती द्यायचा आणि कधी सोडायचा हे त्यांना शिकवायला लागलं नाही.

सहा वाजून दहा मिनिटांनी हेलिकॉप्टरचे पाय कातळावरून सुटले. वितभरच उचललं. मग चुन्याच्या रेघेवरून, माणसाच्या चालीने, हायड्रा निघाली. बाजूने आबा पहार घेऊन चालत होते. कोणी बोलत नव्हतं. शिल्पाच्या दोरीपाशी वळण होतं, तिथे शेपूट फिरायला लागली आणि खलाशांनी ती हलक्या हाताने परत ओळीत आणली. पाऊण तासाने ट्रेलरच्या लाकडी फळ्यांवर पाय टेकले तेव्हा खाणीतले कामगारही काम थांबवून उभे होते.

बांधाबांध, पात्यांचा वेगळा टेम्पो, कागदपत्रं. मग खाली उतरणं. ट्रेलरवर उंची चार मीटरच्या वर जात होती आणि गावातल्या विजेच्या तारा लोंबत होत्या. वायरमन पुढे मोटारसायकलवर, लाइन बंद करून सुक्या बांबूने तार वर धरायचा, आम्ही खालून सरकायचं. अशा अकरा तारा. एका वळणावर फणसाची फांदी आडवी आली. घरमालकीण बाहेर आल्या, फांदीवरचे तीन फणस मोजले, उतरवून घेतले आणि म्हणाल्या, आता तोडा.

नांदगाव तिठ्याला पोचायला दुपारचे चार वाजले.

पाचवा दिवस

महामार्गाबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. रात्री थांबलो, उजाडल्यावर निघालो, घाटात माणूस चालतो तेवढ्या वेगाने. दर तासाला पट्ट्यांचा ताण तपासला. पनवेलनंतर वाहतूक, आणि मध्यरात्र उलटल्यावर हँगर.

उतरवून घेतल्यावर मी खाली वाकून पाय तपासत होते. डाव्या पायाच्या नळीत सड्याची राख आणि जांभ्याचा लाल खडा अडकला होता. पात्यांच्या टेम्पोतून पेंढा निघाला, त्याला अजून आंब्याचा वास होता. चकत्यांची बाटली प्रयोगशाळेकडे पाठवायच्या डब्यात ठेवली.

सकाळी सातला तात्यांच्या मोबाइलवरून आबांचा फोन आला.

"पोचलां काय गे बाय, तुमचां इमान?"

"पोचलं, आबा. रात्री."

"बरां झालां. तो खड्डो आमी चिऱ्यांनी बुजवलो. आता थंयसून ट्रॉली जाता."